दाणे बंद, पाणी चालू

पुतण्या लीड्सला असतो. 2019 च्या दिवाळीत आला तेव्हा माझ्या निवृत्तीची भेट म्हणून पक्ष्यांचा एक फीडर घेऊन आला. हिरवी प्लॅस्टिकची नळी, खाली छोटी थाळी, वर टोपी. तिकडे लोक थंडीत त्यात शेंगदाणे आणि चरबीचे गोळे भरतात नि खिडकीत चहा पीत पक्षी बघत बसतात म्हणे. मी तो परसातल्या पेरूला टांगला, भुईमुगाचे दाणे भरले आणि खुर्ची टाकून बसलो. तीन महिन्यांत आलं कोण, तर मुंग्या आणि एक खार. खारीने चौथ्या दिवशी थाळीचा कडा कुरतडला आणि त्यानंतर तिला टोपी उघडायचीही गरज उरली नाही.

आता हसू येतं. तिकडे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा. जमीन गोठलेली, किडे गायब. एवढ्याशा जीवाला सोळा तासांची रात्र काढायची तर पोटात चरबी हवीच. आमच्या साताऱ्यात डिसेंबर म्हणजे पाखरांची चंगळ. उंबर पिकलेला, शेवगा फुललेला, रानात जोंधळा उभा. शेंगदाण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीला लटकायला कोण येतंय?

पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी ठरवलं की पदार्थ चुकला, आपण जोंधळे टाकू. आईला हे फार पटलं. ती आज 86 वर्षांची आहे आणि उरलेला भात पत्र्यावर टाकल्याशिवाय तिने आयुष्यात कधी भांडी घासायला काढली नाहीत. मग रोज सकाळी मूठभर जोंधळे, मूठभर तांदळाच्या कण्या. पहिल्या आठवड्यात दोन होले आले, चार चिमण्या आल्या. मी त्यांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मग लॉकडाऊन लागला. मला काही काम नव्हतं, त्यामुळे मुठीची ओंजळ झाली आणि ओंजळीचा डबा.

पारवे कधी आले ते नीट आठवत नाही. आधी दोघं असतील. पारव्याचं वैशिष्ट्य असं की तो जातच नाही. दाणे संपले की तो पाण्याच्या टाकीवर बसतो, सोलरच्या काचेवर बसतो, आणि उद्याची वाट बघतो. अंडी घालायला त्याला मोसम लागत नाही. बाथरूमच्या खिडकीत तीन काड्या टाकल्या की झालं त्याचं घरटं. मी सकाळी कडी काढली की कडीच्या आवाजाने पंखांचा असा फडफडाट व्हायचा की वाळत घातलेले कपडे हलायचे.

रात्री सांडलेल्या दाण्यांवर उंदीर यायला लागले. उंदरांमागे पावसाळ्यात धामण आली. चांगली सहा फुटी, जळणाच्या ढिगाखालून निघाली आणि तुळशीला वळसा घालून गेली. ही किंचाळली, आई हात जोडून उभी राहिली, मी सर्पमित्राला फोन लावला. तो पोरगा धामण पोत्यात घालता घालता परसाकडे नजर टाकून म्हणाला, "काका, तुम्ही धान्य टाकता का इथं?" मी नाही म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक.

शेवटी शेजारच्या वहिनींचा खोकला निमित्त झाला. दोन महिने थांबेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधी विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत छातीत जात राहिली तर काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची सूज येते, असं त्यांनी समजावलं. वहिनींच्या खोकल्याचं कारण पुढे दुसरंच निघालं, पण त्या संध्याकाळी भाऊसाहेब कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि काहीही न बोलता आमच्या टाकीकडे बघत राहिले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच फेब्रुवारीत, 2022 ची गोष्ट, पुतण्याच्या सांगण्यावरून मी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये भाग घेतला. दर फेब्रुवारीत चार दिवस असतो हा प्रकार. आपल्या अंगणात बसायचं, किमान 15 मिनिटं, जे दिसेल ते मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर भरायचं. अमेरिकेत 1998 साली सुरू झाला, 2013 पासून जगभर चालतो. मी मोठ्या ऐटीत वही घेऊन बसलो. पंधरा मिनिटांनी वहीत होतं: पारवे 46, कावळे 5, साळुंक्या 4, बुलबुल 2, होला 1. चिमणी शून्य. दोन वर्षं दाणे घालून मी नक्की कुणाला जगवलं, ते माझ्याच अक्षरात समोर होतं.

दाणे बंद केले. घरात तीन दिवस अबोला. आईचं म्हणणं, दारात आलेल्याला उपाशी परतवायचं नसतं. माझं म्हणणं, ती दारात आलेली नाहीत, मी त्यांना आणून बसवलीत. ती माझी पाठ वळली की भात टाकायचीच. पण भाताला पारवा तितका बधत नाही आणि तो कावळेच आधी संपवतात, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. पारवे महिनाभर कडीच्या आवाजाला येत राहिले, मग एकेक कमी झाले. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून रण पेटलं, दादरचा ताडपत्रीने झाकला, टीव्हीवर दोन्ही बाजूंचे लोक घसा फोडत होते. आमच्या घरात ते सगळं आधीच होऊन गेलं होतं, ताडपत्री सोडून.

दाण्यांच्या जागी कुंभाराकडून एक परळ आणला. हातभर रुंद, दोन बोटं खोल. एवढीच खोली हवी. बादली ठेवली तर त्यात पिल्लं बुडतात, खारी बुडतात. मध्ये एक काळा दगड, म्हणजे ज्याला अंघोळ करायची नाही त्याला नुसतं टेकून पिता येतं. भिंतीवर ठेवला, वर पेरूची सावली. पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं, परळ काथ्याने घासायचा, नवं भरायचं. नाहीतर डास होतात आणि मग पुन्हा भाऊसाहेब कुंपणापाशी.

आणखी एक गोष्ट केली, किंवा करायची सोडली. लिंबावर अळ्या पडल्या की मी फवारा मारायचो. तो थांबवला. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना भरवते ते मुख्यतः किडे-अळ्या, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. लिंबाची पानं त्या वर्षी चाळणी झाली. पण जूनमध्ये, पावशा 'पेरते व्हा' ओरडत होता त्या दिवसांत, एक शिंपी त्याच झाडाच्या आत-बाहेर करताना दिसला. त्याने कर्दळीची पानं शिवून घरटं केलं होतं. मी चष्मा लावून जवळून बघितलं. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडलेली, त्यातून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवलेला, आणि बाहेरच्या बाजूला त्याचा गुंता झालेला, त्यामुळे धागा मागे सरकत नाही. आमच्या गल्लीतला टेलर एवढी फिनिशिंग देत नाही.

परळावर आता वेळापत्रक आहे. सहाला दयाळ, एकटा, आधी शेजारच्या अँटेनावर गाऊन मग खाली. सातच्या सुमारास बुलबुल जोडी. सातभाई कधीही, पण येतील ते सगळे मिळून, कलकलाट करत, आणि निघताना परळात पाण्यापेक्षा पालापाचोळा जास्त. दुपारी दोन-अडीचला, रस्ता भाजत असतो तेव्हा, चष्मेवाले येतात. अंगठ्याएवढे हिरवे-पिवळे पक्षी, डोळ्याभोवती पांढरी गोल रेघ. सात-आठ जण दगडाला चिकटून बसतात आणि एकेक जण पाण्यात जाऊन परत रांगेत येतो. ऑक्टोबर संपताना थिरथिरा येतो, शेपूट थरथरवत भिंतीवर बसतो, आणि मार्चमध्ये एक दिवस नसतो. एकदा शिक्रा आला. आधी खार ओरडायची थांबेना, मग एकदम सगळं चिडीचूप. तो परळाच्या मधोमध पोटापर्यंत पाण्यात उभा राहिला, पिवळे डोळे, आणि दहा मिनिटं तसाच. माझा चहा गार झाला.

भारद्वाजाचं मात्र सांगायलाच हवं. जाईच्या वेलात बुलबुलने वाटी केली होती, तीन अंडी, गुलाबीसर, त्यावर तांबडे ठिपके. पिल्लं निघाली. नवव्या दिवशी सकाळी आई मागच्या दारातून हाक मारतेय, "अरे ये लवकर, भारद्वाज दिसला! आज दिवस चांगला जाणार." मी गेलो. तांबडे पंख, लाल डोळे, ऐटीत जाईच्या वेलावरून खाली उतरत होता, आणि चोचीत बुलबुलचं पिल्लू. बुलबुल त्याच्या डोक्यावर झडप घालत होते, ओरडत होते. आईला तेवढ्या लांबून पिल्लू दिसत नव्हतं, तिला फक्त शकुन दिसत होता. तिने हात जोडले. मी हुसकायला काठी घेतली, मग खाली ठेवली. त्यालाही कुठंतरी पिल्लं असतीलच. दुसरं पिल्लू त्याने दुपारी नेलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत पुन्हा वही घेऊन बसलो. पंधरा मिनिटं, 14 जाती, पारवे 2. पुतण्याला आकडा कळवला, तर त्याने विचारलं, "काका, आणि फीडर?" फीडरमध्ये हिने मनीप्लांट लावलाय.

सध्या माझी एकच तक्रार, ती कावळ्याची. कुणीतरी गल्लीत शिळी भाकरी टाकतं. हा ती उचलून थेट आमच्या परळावर येतो, पाण्यात टाकतो, पायाने दाबून धरतो, उलटी करतो, मऊ झाली की खातो. कधी भाकरी असते, कधी पाव, एकदा हाडूक होतं. मी सकाळी घासूनपुसून भरलेलं पाणी नऊपर्यंत आमटीसारखं. दिवसातून दोनदा बदलायला लागतं. मी हुसकतो, तो समोरच्या पत्र्यावर जाऊन मान तिरकी करून बघत बसतो.

सप्टेंबरात बाबांचा म्हाळ होता. अष्टमी. आईने सगळं स्वतः सांगून करून घेतलं: वडे, खीर, घोसाळ्याची भजी, आमसुलाची चटणी. पान भिंतीवर ठेवलं, परळाच्या बाजूलाच, तिथे जागा आहे म्हणून. बारा वाजले, साडेबारा वाजले. एरवी दिवसभर बोडक्यावर बसणारे कावळे त्या दिवशी एकही नाही. सगळ्या सातारकरांनी एकाच वेळी पानं वाढलेली, त्यांना तरी किती घरं! पोटात कावळे ओरडत होते ते फक्त आमच्या. आई मागच्या दारात स्टुलावर बसून होती, पुटपुटत होती, कुणाचं काय राहिलं असेल ते कबूल करत होती.

पाऊण वाजता आमचाच तो आला. पानाभोवती एक फेरी मारली. भात नको, खीर नको. वडा उचलला, दोन उड्या मारून परळावर गेला आणि वडा पाण्यात सोडून पायाने दाबून धरला. मी उठायला लागलो, तर आईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यांचं आयुष्यभर तेच. चपाती असू दे, खारी असू दे, चहात बुडवल्याबिगर घास उतरायचा नाही."