मोज्यातली कुसळं

दारापासून तपासणीच्या टेबलापर्यंत जेमतेम आठ पावलं आहेत. रुग्ण ती कशी टाकतो हे बघणं मी कधीच चुकवत नाही. तोंड उघडायच्या आत पायांनी बरंच सांगून झालेलं असतं. त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी ती आत आली, आणि उजवं पाऊल टेकलं की तिची डावीकडची कंबर खाली जात होती. आदल्या शनिवारी जात नव्हती. खुब्याच्या ऑपरेशनला अकरा आठवडे झाले होते.

वीस वर्षांची पोर, माण तालुक्यातली. दहिवडीहून एसटीनं मामाबरोबर साताऱ्याला माझ्याकडे फिजिओथेरपीला यायची. पोलीस भरतीची तयारी चालू होती. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर पळायचं असतं, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा तिला जड जायचा, त्यामुळे सगळी भिस्त ८०० मीटरवर. तिच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाल्या, तेव्हा ही शाळेत होती. तेव्हापासून पळतेय, असं पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं होतं. पाय दुखतोय हे सांगण्याआधी सांगितलं होतं.

तिचं दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं. उजव्या जांघेत, पळताना. अकॅडमीतल्या सरांनी स्नायू धरलाय म्हणून तेल लावायला सांगितलं. एका दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, एक्स-रे निघाला, त्यात काही दिसलं नाही. हाडाला थकव्यानं जाणारी भेग सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. पोर दीड महिना तशीच पळत राहिली. एके दिवशी सरावात पाय टेकवेना, तेव्हा एमआरआय झाला. मांडीच्या हाडाच्या मानेवर, वरच्या बाजूला भेग होती.

वरची बाजू हे महत्त्वाचं आहे. ही मान तिरकी असते. शरीराचा भार आला की तिची खालची कड दाबली जाते आणि वरची कड ताणली जाते. खालच्या भेगेला बऱ्याचदा कुबड्या आणि विश्रांती पुरते. वरची भेग मात्र उघडत जाऊ शकते, आणि हाड सरकलं तर खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या, मानेला चिकटून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मग गोळा मरतो. विसाव्या वर्षी कृत्रिम खुबा बसवायची वेळ येते. सर्जननं दुसऱ्याच दिवशी तीन पोकळ स्क्रू घालून भेग आवळून टाकली, हे तिचं नशीब.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग कुबड्यांवर थोडा थोडा भार, मग एका काठीवर. काठी चांगल्या पायाच्या बाजूला, म्हणजे डाव्या हातात. हे मला प्रत्येकाला तीन-तीनदा सांगावं लागतं, कारण दुखऱ्या बाजूला आधार धरावा असंच सगळ्यांना वाटतं. ती एकदाच सांगितल्यावर शिकली. व्यायाम मोजून करायची. दहा सांगितले तर दहा, अकरावा नाही. दहाव्या आठवड्यात काठी सुटली आणि ती सरळ चालत घरी गेली.

आणि आता ही कंबर.

एका पायावर उभं राहिलं की त्या बाजूच्या कुल्ल्याचा स्नायू कंबर धरून ठेवतो. तो दमला, दुबळा असला किंवा दुखतंय म्हणून त्यानं हात आखडता घेतला की उलटी बाजू खाली पडते. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं १८९५ साली हे लक्षण लिहून ठेवलं. त्याला यंत्र लागत नाही, डोळे लागतात.

"काय झालं?"

"काय न्हाई मॅडम. एसटीत उभं राहिले."

"पळालीस?"

"न्हाई."

मामा शेजारीच उभे होते. मी तिला टेबलावर बसवलं, बूट काढले. मोज्याला, घोट्याच्या वर, कुसळं चिकटली होती. दहा-बारा तरी असतील. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवतातून गेलं की लागतात तशी. एसटी स्टँडपासून माझ्या दवाखान्यापर्यंत सगळा डांबरी रस्ता आहे.

मी एक कुसळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

अशा वेळी रागवायची सवय मला होती. पोटात भीती उठली की माझा आवाज चढतो. त्या दिवशी कशानं कोण जाणे, आवाज चढला नाही. मी मामांना म्हटलं, "तुम्ही फाईल घेऊन पुढे व्हा, एक्स-रेला नंबर लावा. मी हिला घेऊन येते." ते गेले. दार लावलं.

मग तिनं सांगितलं. चार दिवस पळाली होती. पहाटे, आई गोठ्यात असताना, ओढ्याकडच्या पायवाटेनं. भरतीची जाहिरात येणार अशी बातमी मैत्रिणीनं पाठवली होती. पहिल्या दिवशी काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या रात्री कूस बदलताना जांघेत कळ आली. चौथ्या दिवशी ती तरीही पळाली.

"दुखायचं थांबलं हुतं मॅडम. मला वाटलं, बरं झालं."

हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. दुखणं थांबतं आठ-दहा आठवड्यांत. मानेचं हाड भरायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. मांडीच्या मधल्या हाडावर जुळताना बाहेरून गाठ धरते, ती एक्स-रेत छान दिसते. खुब्याची मान सांध्याच्या आवरणात असते. तिथं बाहेरची गाठ धरत नाही, हाड आतूनच हळूहळू सांधतं. आणि भार किती? साधं चालतानाही त्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो, कारण कुल्ल्याच्या स्नायूला अपुऱ्या तरफेवर सगळं अंग पेलायचं असतं. पळताना चार-पाच पट. ती ४८ किलोची. प्रत्येक पावलाला दोनशे किलोच्या आसपास, त्या तीन स्क्रूंवर आणि अर्धवट भरलेल्या हाडावर.

मी तिला एका पायावर उडी मारायला लावली नाही. संशय असताना ती चाचणी करायची नसते. पाय फक्त अलगद आत वळवून पाहिला. तिनं ओठ दाबले. एवढं पुरेसं होतं. दवाखान्यातल्या कुबड्या दिल्या, सर्जनला फोन लावला.

कुबड्यांची उंची लावता लावता मी तिची फाईल उघडली. आमच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर एक रकाना असतो: पाळी. वय, वजन, जुनी दुखणी, औषधं, सगळे रकाने माझ्या अक्षरात भरलेले. तो कोरा होता.

मला तो दिवस आठवला. मामा खोलीत होते. विचारायला नको, पुढच्या वेळी आई आली की विचारू, असं मनात म्हटलं होतं. आई आलीच नाही. घरी चार जनावरं, तिला कोण सोडणार? आणि मी पुढच्या पाच भेटींत तो कागद पुन्हा उघडला नाही. वीस वर्षांच्या, रोज पळणाऱ्या मुलीच्या हाडाला आपोआप भेग गेलीय, आणि मी स्नायूंची ताकद मोजत बसले होते. हे का झालं, हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. माझ्या आधीही कुणी विचारलेला नव्हता, पण त्यानं माझं न विचारणं लहान होत नाही.

"पाळी कधी आली होती शेवटची?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात, "संक्रांतीच्या टायमाला."

दहा महिने.

घरी कुणाला माहीत नव्हतं. अकॅडमीतल्या मुली म्हणायच्या, जास्त व्यायामानं थांबते, बरंच आहे, सरावाला सुट्टी घ्यावी लागत नाही. पुढचं मी एकेक करून विचारलं. पहाटे पाचला पळायला जाताना काय खायचीस? चहा. आल्यावर? दहा वाजता मेसची पोळी-भाजी. सोमवारी आणि गुरुवारी उपास. अंग हलकं राहिलं तर टायमिंग सुधारतं, असं तिला सांगितलेलं. सहा महिन्यांत पाच किलो कमी झाले होते आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

खेळणाऱ्या बायकांच्या वैद्यकात हे नवीन नाही. खाणं कमी, पाळी बंद, हाडं ठिसूळ, ही साखळी १९९०च्या दशकापासून पुस्तकात आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तिला अधिक व्यापक नाव दिलं, पुरुष खेळाडूंनाही त्यात घेतलं. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि पळण्यात जाणारी ऊर्जा यांचा मेळ बसला नाही की शरीर एकेक खातं बंद करतं. पाळी हे त्यातलं पहिल्यांपैकी. ती थांबली की इस्ट्रोजेन घटतं, आणि हाड झिजतं तेवढं भरून निघत नाही. मला हे सगळं माहीत होतं. परीक्षेला लिहिलं होतं.

एक्स-रेच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दीड तास बसलो. ती एकदाही रडली नाही. मामांनी तीन चहा आणले, तिघांचेही गार झाले. सर्जननं पडद्यावर दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, जुनी आणि नवी. स्क्रू जागेवर होते. मागे सरकलेले नव्हते. भेग रुंदावली नव्हती. "वाचली," एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा चार आठवडे कुबड्या.

मी मामांना म्हटलं, पुढच्या शनिवारी हिच्या आईला आणा. जनावरांचं काहीतरी बघा, पण आणा.

आई आली. नऊवारीतली, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडच्या तपासण्या तोवर झाल्या होत्या. दुसरा काही आजार नव्हता. ड जीवनसत्त्व ११ आलं होतं, किमान २० तरी हवं. हाडांची घनता वयाच्या मानानं कमी. मी आकडे बाजूला ठेवले आणि समजावायला लागले, तर तीच मध्ये बोलली, "म्हंजी डाळिंबाला पाणी कमी पडलं की कळी गळती, झाड तेवढं राखून धरतं. तसंच का?"

तसंच. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

"दूध सगळं डेअरीला घालतो आम्ही," ती म्हणाली. मग मुलीकडे न बघता, "उद्यापासनं एक लिटर ठिवते."

मी यादी दिली नाही. तीनच गोष्टी ठरवल्या. अंथरुणातून उठल्यावर काही खाल्ल्याशिवाय कसलाही व्यायाम नाही. गूळ-शेंगदाणे चालतील, केळ चालेल. दोन्ही उपास बंद. हे आईनं देवापुढे सांगून सोडवायचं ठरवलं, तो तिचा प्रांत. आणि दोन्ही जेवणांत एक भाकरी जास्त, तिच्याबरोबर अंडी नाहीतर डाळ. ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांनी दिलंच होतं. वजनाचा काटा मी तिला घरी न्यायला मनाई केली.

ती भरती तिच्या हातून गेली. मैदानी चाचणीच्या दिवशी ती माझ्या दवाखान्यात २० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतर करत होती. त्या दिवशी ती फार बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. मैत्रिणींचे फोटो मोबाइलवर येत होते. तिनं मोबाइल उपडा ठेवला आणि दुसरा संच सुरू केला. त्या दिवशी तिच्या जवळ उभं राहणं हेच माझं काम होतं.

मार्चमध्ये एका सकाळी, मी घरून निघत असताना, तिचा संदेश आला. "मॅडम आली." एवढंच. मला कळायला क्षणभर लागला. दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा तिची फाईल काढली आणि त्या रकान्यात तारीख लिहिली.

तरी लगेच पळू दिलं नाही. आणखी दोन पाळ्या वेळेवर येईपर्यंत थांबलो. तोवर अर्धा तास भरभर चालून जांघेत काही नाही, एका पायावर तीस सेकंद कंबर सपाट, आणि उजव्या कुल्ल्याची ताकद डाव्याच्या नव्वद टक्क्यांवर आली होती. मग शाहू स्टेडियमच्या गवतावर, बूट नीट बांधून, एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं. पाच वेळा. घड्याळ माझ्या हातात. पहिल्या मिनिटाला ती इतकी हळू पळाली की चालणाऱ्या आजोबांनी तिला मागे टाकलं. मी मागून फक्त तिची कंबर बघत होते. सरळ होती.

आता सगळ्याच मुलींना मी एकटीला आत घेऊन विचारते. बरोबर कोणी काका, मामा, सर असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगते. काहींना वाईट वाटतं. गेल्या वर्षभरात अशा तीन मुली सापडल्या, तिघींनाही भेग जायच्या आत.

ती सध्या चार मिनिटं पळते, दोन मिनिटं चालते, सहा वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. ८०० मीटरला अजून घड्याळ लावलेलं नाही. परवा तिनं विचारलं, कधी लावायचं? मी पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली, आणि तिनं ती माझ्या समोर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं गोल केली.