आठ वाजून पाच मिनिटं

धुळ्यात दम्याच्या औषधाच्या चाचणीवर मी समन्वयक होते. प्रत्येक रुग्णाला ईडायरीचा फोन दिलेला. रोज रात्री आठ ते दहाच्या मध्ये भरायचं: धाप लागली का, खोकल्याने झोप मोडली का, तातडीचा पंप किती वेळा घेतला. नोंदीला वेळ आपोआप लागते, मागची तारीख टाकता येत नाही. कागदी वहीत नेमकं हेच सुटायचं. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात वही कधी उघडली ते कळावं म्हणून तिच्या बाइंडरमध्ये रुग्णांच्या नकळत प्रकाश टिपणारे सेन्सर बसवले होते. रुग्णांनी लिहिलं त्याप्रमाणे 90 टक्के नोंदी वेळेवर; खरोखर वेळेवर भरलेल्या 11 टक्के. म्हणून ईडायरीवर माझा फार भरवसा.

तालुक्यातल्या एका आजींची डायरी मी नव्या मुलींना मुद्दाम दाखवायचे. एकही खाडा नाही. रोज आठ वाजून पाच मिनिटं, आणि महिनाभर ‘त्रास नाही’.

चैत्र पौर्णिमा झाल्यावर त्या व्हिजिटला आल्या त्या लंगडतच. सप्तशृंगीच्या गडावर पायी जाऊन आल्या होत्या.

“माले वाटमा भलता दम लागना व्हता, माय.”

देवळ्याच्या पुढे रात्री रस्त्याच्या कडेला बसून सात-आठ वेळा पंप घेतला म्हणाल्या. मी स्क्रीन उघडली. त्या रात्रीचीही नोंद होती. 8:05. त्रास नाही. पंप शून्य.

फोन घरीच होता. सोबत आलेला नववीतला नातू मान खाली घालून म्हणाला, “आजीचा खाडा पडायला नको म्हणून मीच भरायचो.”

पोटात गोळा आला. औषध चालतंय की नाही, हे अशाच नोंदींवरून ठरतं. पोरावर राग नव्हता. मी महिनाभर हजेरी बघत बसले आणि एवढा दमा असलेल्या बाईला एकदाही धाप कशी लागत नाही, हे विचारलंच नाही. वेळेचा शिक्का बटण कधी दाबलं ते सांगतो, बोट कुणाचं ते नाही.

डॉक्टरांनी आधी आजींना तपासलं, मग बाकीचं. त्रासाची नोंद केली, स्पॉन्सरला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्यांना, आणि एथिक्स कमिटीला कळवलं. नातवाच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्यांच्याशेजारी कारण लिहिलं जातं. आठवून नव्याने भरताही येत नाहीत. ते दिवस गेले ते गेलेच.

“पण तुम्ही स्वतः का नाही भरलं?” मी विचारलं.

त्यांनी हात पुढे केला. कापूस वेचून बोटांची टोकं भेगाळलेली, राठ. माझ्यासमोर पिन दाबायला लागल्या. स्क्रीन बोट ओळखेचना. तर्जनी झाली, अंगठा झाला. फोन देताना मी डेमो माझ्याच बोटाने दाखवला होता. शेवटी करंगळी लावली, आणि आकडा उमटला.

त्या रात्री नोंद आली 8:40 ला. धाप: थोडी. पंप: दोन वेळा.