नऊ उताऱ्यांची सरासरी

चिकोडी-निपाणी भागातल्या एखाद्या गावाबद्दल ‘शेतकऱ्यामागे सरासरी पाच एकर जमीन’ असे ऐकले, की पाच एकरांचा, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी नजरेसमोर येतो. प्रत्यक्षात तसा शेतकरी त्या गावात एकही नसू शकतो. समजा, नऊ उतारे आहेत. तिघांचा एकेक एकर, दोघांचे दोन-दोन, दोघांचे तीन-तीन, एकाचे चार आणि उरलेल्या एका बागाइतदाराचे अठ्ठावीस. बेरीज 45, म्हणून सरासरी, म्हणजेच मध्य, 5 एकर. उतारे चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला, म्हणजे पाचवा, 2 एकरांचा येतो, हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, 1 एकर. आकडेमोड तिन्ही ठिकाणी बिनचूक असली तरी नवांपैकी आठ जण सरासरीच्या खाली आहेत. उद्या बागाइतदाराने शेजारच्या गावात आणखी नऊ एकर घेतले, तर बाकी कोणाच्या बांधाला ढेकूळही न लागता सरासरी सहा होईल. मध्यक दोनवरच राहील.

दहावीला ‘तिप्पट मध्यक बरोबर बहुलक अधिक दुप्पट मध्य’ हे सूत्र पाठ करून घेतात. इथे एका बाजूला 6 येतात, दुसऱ्या बाजूला 11. ते एका टोकाकडे थोड्याशाच कललेल्या आकड्यांसाठीचे अंदाजाचे सूत्र आहे, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते.

2015-16 च्या कृषी गणनेत देशातील वहितीच्या जमिनीचे सरासरी क्षेत्र 1.08 हेक्टर होते आणि 68 टक्क्यांहून अधिक खाती एक हेक्टरच्या आतली होती. निम्म्याहून अधिक खाती एका हेक्टरच्या आत म्हटल्यावर मध्यकही त्याच्या आतच असणार, हे वेगळा तक्ता न मागता कळते.

म्हणून सरासरी टाकाऊ ठरत नाही. एकरी सरासरी उत्पादन आणि एकूण लागवड माहीत असेल तर साखर कारखान्याला उसाच्या एकूण टनांचा हिशेब मांडता येतो. मध्यकावरून तो मांडता येत नाही. कर्जमाफीची मर्यादा ठरवताना मात्र मला मध्यकच हवा.

पावसाच्या बाबतीत मध्यकही पुरत नाही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला घाटमाथ्याचा पाऊस धो धो कोसळतो, तर त्याच बेळगाव जिल्ह्यातील अथणी पर्जन्यछायेत येते. अशा दोन टोकांना एका आकड्यात बसवले की तो ना कणकुंबीच्या भाताच्या कामाचा, ना अथणीच्या ज्वारीच्या. त्यामुळे मी आधी तालुकावार तक्ता पाहतो. जिल्ह्याच्या सरासरीची ओळ नंतर, आणि तीही गेल्या वर्षीच्या त्याच ओळीशी ताडून पाहण्यापुरती.