तुम्ही विचारलेत म्हणून : जुन्याच प्रिंटचा आग्रह कशासाठी?

"एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात, काही प्रसिद्ध छायाचित्रे तर संगणकावर फुकट उतरवून घेता येतात, मग त्याच चित्राच्या जुन्या कागदासाठी एवढे पैसे का मोजायचे?" अमेरिकन छायाचित्रांचा माझा लहानसा संग्रह पाहायला येणारे बहुतेक जण मला हेच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, निगेटिव्ह हाती आल्यावरही छायाचित्रकाराचे निम्मे काम उरलेले असते, आणि ते त्याने त्या काळी कसे पुरे केले हे त्या काळच्या प्रिंटवरच दिसते.

निगेटिव्ह टिपल्यापासून साधारण पाचेक वर्षांच्या आत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेल्या प्रिंटला 'व्हिंटेज' म्हणण्याचा संग्राहकांमध्ये संकेत आहे. हा संकेत कोरडा वाटतो, पण छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे छायाचित्र पाहिले की त्यामागचे कारण लक्षात येते. 1941 च्या शरद ऋतूतील एका संध्याकाळी, मावळतीचे ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर जेमतेम टिकून असताना, ॲडम्स यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ते टिपले. एक्स्पोजर मीटर, म्हणजे प्रकाश मोजण्याचे उपकरण, वेळेवर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा पाठ असलेला आकडा धरून त्यांनी हिशेब केला, आणि दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले. हाती आलेल्या त्या एकमेव निगेटिव्हचा खालचा भाग इतका पातळ, म्हणजे कमी घनतेचा आणि फिकट, होता की तिच्यावरून चांगली प्रिंट काढणे जिकिरीचे होते. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे आणि त्यात ढगांचे फिके पट्टे दिसतात. 1948 मध्ये त्यांनी रासायनिक प्रक्रियेने निगेटिव्हच्या खालच्या भागाची घनता वाढवली, आणि पुढील दशकांत त्यांच्याच डार्करूममधून निघालेल्या प्रिंटमध्ये ते आकाश जवळजवळ काळे होत गेले. एकच बंदिश एकाच गवयाकडून तिशीत आणि साठीत ऐकावी, तसे हे आहे. या चित्राच्या हजाराहून अधिक प्रिंट त्यांनी आयुष्यभरात काढल्या आणि लोकांच्या मनात ठसले आहे ते काळे आकाश. मला मात्र करडे अधिक प्रिय आहे, कारण त्यात ती संध्याकाळ अजून पुरती मावळलेली नाही.

छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे 'मायग्रंट मदर' हे एका स्थलांतरित मातेचे चित्र तर फुकट मिळणाऱ्या छायाचित्रांचे ठळक उदाहरण आहे. 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, सरकारी कामावर असताना ते टिपलेले असल्यामुळे त्याची निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे आणि प्रत कोणालाही घेता येते. मूळ चित्रात उजव्या कोपऱ्यात, खाली, तंबूचा खांब धरलेला त्या मातेचा अंगठा दिसत होता. काही वर्षांनी लँग यांनी निगेटिव्हवर हात फिरवून तो पुसट करवून घेतला. अंगठा स्पष्ट दिसणारी प्रिंट म्हणूनच त्या बदलाच्या आधीची ठरते, आणि ती पाहताना लँग यांना तो अंगठा का खटकला असेल याचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र कोल यांनी वडिलांच्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंट अत्यंत देखण्या आहेत आणि वडिलांच्या हातच्या प्रिंटपेक्षा पुष्कळच स्वस्तही आहेत. नव्या संग्राहकाने त्या खुशाल घ्याव्यात, फक्त त्या कोणाच्या हातच्या आहेत हे नीट जाणून घ्याव्यात.

फसवणुकीचे भय अर्थातच आहे. बालमजुरांची छायाचित्रे टिपणारे लुईस हाइन 1940 मध्ये वारले. त्यांच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंट विसाव्या शतकाच्या अखेरीस तपासल्या गेल्या, तेव्हा त्या अतिनील प्रकाशात चमकल्या. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातल्या जाणाऱ्या ज्या रसायनामुळे ही चमक येते, ते 1950 च्या सुमारास वापरात आले, म्हणजे हाइन यांच्या हयातीत तो कागद असणे शक्यच नव्हते. त्यामुळे मी प्रथम प्रिंटची मागची बाजू पाहतो : शिक्का, हस्ताक्षर, माउंट (प्रिंट चिकटवलेला पुठ्ठा), पूर्वीच्या मालकांची नोंद.

पैशांबद्दल सांगायचे तर, एडवर्ड स्टायकेन यांच्या 'फ्लॅटआयर्न' या न्यूयॉर्कमधील इमारतीच्या छायाचित्राच्या एका प्रिंटला 2022 च्या लिलावात सुमारे 1 कोटी 18 लाख डॉलर मिळाले, हे खरे आहे. पण छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या 'कॅमेरा वर्क' या 1903 ते 1917 या काळात निघालेल्या नियतकालिकातील फोटोग्रॅव्ह्युअर आजही नोकरदार माणसाच्या आवाक्यात येऊ शकतात. तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून तलम कागदावर छापलेल्या या चित्रांना छापील नक्कल समजू नये, कारण स्टिग्लिट्झ स्वतः त्यांना मूळ प्रिंटच्या तोडीचे मानत. छायाचित्राला कलेचे स्थान मिळावे म्हणून त्यांनी उभे आयुष्य वेचले. 1924 मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने त्यांची 27 छायाचित्रे स्वीकारली, आणि त्यासाठी पुढाकार घेणारे होते तेथील भारतीय कलाविभाग सांभाळणारे आनंद कुमारस्वामी, याचा मला फार अभिमान वाटतो.

विकत घेणे शक्य नसले तरी पाहणे शक्य असते. अमेरिकेतील अनेक संग्रहालयांच्या अभ्यासकक्षांत आगाऊ वेळ ठरवून मूळ प्रिंट पाहता येतात. ॲरिझोनातील टूसॉन येथे 1975 मध्ये स्थापन झालेल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीमध्ये तर ॲडम्स आणि वेस्टन या दोघांचेही संग्रह आहेत. माझा प्रत्येक प्रश्नकर्त्याला आग्रह असतो की, खरेदीचा विचार करण्याआधी एकदा तेथे जाऊन यावे.