‘कमिान’ भाव

२०११च्या मार्चमध्ये कांद्याची ट्रॉली भरताना माझा नोकिया ५२३३ खिशातून निसटला आणि दगडावर आपटला. चूक माझीच. फोन चालू राहिला, पण स्क्रीनचा खालचा डावा कोपरा मेला. तिथे काडीने कितीही टोचलं तरी काही उमटेना. नवा घ्यायचं ठरलं. मला वाटलं होतं, रविवारी मेन रोडवर चक्कर मारू आणि घेऊन येऊ. प्रत्यक्षात मे संपत आला तरी माझं ठरतच होतं.

आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा ‘नोकिया घ्यावा की अँड्रॉइड’ हा खरोखरचा पेच होता. नोकिया म्हणजे मोबाईल. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात बारीक पिनेचा चार्जर कुठल्याही घरी मिळायचा, बॅटरी किराणा दुकानात टांगलेली असायची. त्या फोनांच्या आत त्यांना चालवणारं सिंबियन नावाचं काहीतरी असतं हे दुकानदारालाही सांगावं लागायचं नाही. याउलट अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत आला ऑक्टोबर २००८मध्ये, म्हणजे हे पोर अडीच वर्षांचं. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये तिघांकडे होता, आणि तिघंही दुपारी चार्जर शोधत फिरायचे.

त्यात ११ फेब्रुवारीची बातमी डोक्यात होती. लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली होती. पुढचे स्मार्टफोन विंडोजवर चालणार. त्याच्या दोनतीन दिवस आधी त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं टिपण फुटलं होतं. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटाला आग लागते, वर उभा असलेला माणूस जळून मरायचं की गोठलेल्या पाण्यात उडी घ्यायची या विचारात पडतो, अशी ती गोष्ट. घराचा मालकच ‘आग लागली’ म्हणून ओरडत असेल तर त्या घरात खोली कोण घेईल? मी हे दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, नोकिया कुठं जाते?” त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. त्याच घोषणेत नोकियाने सांगितलं होतं की अजून १५ कोटी सिंबियन फोन विकायचे आहेत.

मी कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे वहीत उभी रेघ मारली. डावीकडे नोकिया सी५-०३, दुकानातला भाव साडेनऊ हजार. उजवीकडे अँड्रॉइड २.२ असलेला एक फोन, बारा हजारांच्या आसपास. त्याच्या कंपनीचं नाव कशाला घ्या.

डावी बाजू भरत गेली. बॅटरी पहिली. गावी भारनियमन चालू होतं. शनिवारी गेलो की रविवारी दुपारपर्यंत लाईट असेलच असं नव्हतं. नोकिया दोन दिवस सहज काढायचा. मग नकाशे. जानेवारी २०१०पासून नोकियाने ओवी मॅप्सचं रस्ता सांगणं फुकट केलं होतं, आणि मुख्य म्हणजे नकाशा घरी उतरवून कार्डात ठेवता यायचा. गावाकडे जाताना ओझर सोडलं की माझं नेट येऊनजाऊन असायचं, तेव्हा वाटेत नेट लागणारा नकाशा काय कामाचा? आणि तिसरी गोष्ट कुठल्याच तुलनेत लिहिलेली नसायची. नोकियाचा टच दाबावर चालायचा. हात ओला असो, चिखलाचा असो, नख टेकवलं की काम झालं. अँड्रॉइडच्या काचेला कोरडं, स्वच्छ बोट लागतं. कांदा काढताना असं बोट कुणाचं असतं?

उजव्या बाजूला मुद्दे कमी, पण वजनदार होते. सिंबियन मुळात बटणांसाठी बांधलेलं आणि नंतर टचसाठी वाकवलेलं. यादीतली ओळ एकदा दाबली की नुसती निवडली जायची, दुसऱ्यांदा दाबल्यावर उघडायची. शेजारचं चित्र मात्र एकाच दाबात उघडायचं. वर्षभर वापरूनही मला कुठे एकदा आणि कुठे दोनदा याची खात्री नव्हती. कँटीनमधल्या मित्राच्या फोनवर जीमेल, यूट्यूब, अख्खी वेबसाईट बोटाखाली सरकताना बघितली आणि माझ्या वहीतली डावी बाजू फिकी पडली. शिवाय ती आगीची गोष्ट. शेवटी तिनेच निकाल लावला. अडीच हजार वाचवून अशा गाडीत का बसायचं जिचा ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर उतरणार आहे?

मेच्या शेवटच्या रविवारी अँड्रॉइड घेतला. दुकानात सगळं तपासलं. कॉल लावला, फोटो काढला, काचेला तिरपं धरून रेघ बघितली. मराठी दिसतं का, हे मात्र बघितलं नाही. घर बघायला गेल्यावर दाराला उंबरा आहे का हे कोण बघतं? जुन्या नोकियात मराठी होतंच, म्हणजे ते असतंच, अशी माझी समजूत.

आता इथे थोडं मागे जातो. रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा ऑक्टोबर २००७मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली होती. पैसे भरले की हवामान आणि बाजारभाव मराठीत एसएमएसने यायचे. आम्ही तसलीच एक सेवा माझ्या नंबरावर घेतली होती, कारण दादाचा फोन दिवसभर घरात खुंटीला असायचा आणि तो वावरात. सकाळी लासलगाव आणि पिंपळगावचे भाव मला यायचे, मी घरी फोन करून वहिनींना सांगायचो, आणि साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा आज भरायचा की थांबायचं हे दादा ठरवायचा. तो स्वतः बाजारात गेला की तिथून मला मेसेज करायचा, तोही देवनागरीत, बटणं दाबदाबून.

नव्या फोनवर तिसऱ्या दिवशी पहिला भाव आला. चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, आणि अधूनमधून ३५०, ७२५, ६१० असे आकडे, कारण आकडे इंग्रजीत असायचे. यातला किमान कुठला, कमाल कुठला हे अंदाजाने कळत होतं. पण लासलगावचा की पिंपळगावचा, ते चौकोन मोजून ओळखायचं. लासलगावचे सात व्हायचे. मी खरंच मोजले.

दादाचा फोन आला. “काय भाव आलाय?”

“डबे आलेत.”

“कसले डबे?”

सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे बारा हजारांच्या फोनला वाचता येत नाही?”

कँटीनमधल्या मित्राचा सल्ला सोपा होता: भावाला म्हणावं मराठी इंग्रजी अक्षरांत लिही. दादाला ते जमलं असतं की नाही हा वेगळा प्रश्न, पण ‘bhav’ला ठीक आहे, पुढे ‘पीएडीएलए’ अशी अक्षरं आली तर काय वाचायचं? भाव पडला, की भाव पाडला? बाजार समितीत या दोन शब्दांमध्ये मारामाऱ्या होतात.

मग मी उपाय शोधायला लागलो. पहिला उपाय ओपेरा मिनी या ब्राउझरचा. तेव्हा मराठी वाचणाऱ्या बहुतेक अँड्रॉइडवाल्यांना हा मंत्र पाठ असायचा: पत्त्याच्या जागी ‘ओपेरा:कॉन्फिग’ हे इंग्रजीत टाईप करायचं, यादीत खाली जायचं, क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचे का असा प्रश्न असतो त्याला ‘येस’ करायचं, आणि खालचं ‘सेव्ह’ विसरायचं नाही. त्यानंतर मराठी अक्षरं ओपेराच्याच सर्व्हरवर चित्र बनून फोनवर येत. नेट जास्त खात, पण वर्तमानपत्रं दिसायला लागली. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसत्या ठळक बातम्या वाचत बसलो.

पण एसएमएस काही ओपेरात उघडत नाही. मग मी पुढचा द्राविडी प्राणायाम शोधला. चौकोनांवर बोट दाबून धरायचं, मजकूर कॉपी करायचा, जीमेलमध्ये चिकटवायचा, स्वतःलाच मेल करायचा, आणि तो मेल ओपेरा मिनीत उघडायचा. चालायचं! अक्षरं हरवलेली नव्हती, फोनला फक्त ती काढता येत नव्हती. या प्रकाराला नेट चांगलं असेल तर चार मिनिटं लागायची. चार मिनिटांत दादाचे दोन मिस्ड कॉल.

भाचा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, “मामा, रूट करावं लागेल. फाँट बदलून देतो.” रूट म्हणजे कंपनीने लावलेलं कुलूप काढणं, वॉरंटी जाते. मी आठवडाभर टाळलं आणि शेवटी फोन त्याच्या हातात दिला. रात्री अकरा वाजता त्याने परत दिला, चौकोन गेले होते आणि अक्षरं आली होती. मी मेसेज उघडला. त्यात लिहिलं होतं: ‘नफिाड. कमिान भाव.’

हे असं का होतं ते त्या रात्री समजलं, आणि मला ते आजही गमतीचं वाटतं. आपण ‘कि’ लिहितो तेव्हा हाताने आधी वेलांटी काढतो, मग क. पण संगणकात ते साठवलं जातं उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी उचलून क-च्या आधी ठेवणं हे वेगळं काम आहे, आणि ते फाँटच्या जोडीला असणारी एक यंत्रणा करते. फाँट म्हणजे छापखान्यातले नुसते खिळे. ते जुळवणारा जुळारी नसेल तर खिळे आले त्या क्रमाने लागतात. आमच्या फोनात खिळे आले, जुळारी आला नाही. त्यामुळे ‘कांदा’ बरोबर आणि ‘किमान’चा ‘कमिान’. जोडाक्षरं तर पाय मोडलेल्या अवस्थेत एकामागे एक उभी. नोकियावाल्यांनी हे काम आमच्या साध्या डबा फोनांतही करून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल कुणी कधी जाहिरात केलेली मला आठवत नाही.

दोनतीन दिवस ‘कमिान’ वाचून काढले. सवय होते. पण दादाने एकदा ‘मिळाला’ पाठवलं, ते ‘मळिाला’ दिसलं, आणि मी घाईत ‘मळला’ वाचून माल भिजला की काय म्हणून फोन केला. त्यानंतर हार मानली. जुना नंबर परत कोपरा मेलेल्या नोकियात घातला, अँड्रॉइडसाठी नवा नंबर घेतला. डाव्या खिशात मराठी, उजव्या खिशात इंटरनेट. दोन चार्जर, दोन बॅलन्स. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मग जुन्यात वाईट काय होतं?” कोपरा मेला होता, एवढंच मी म्हणालो.

जाता जाता एक. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, इंग्रजीत १६०. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. दादाने आपोआप त्यावर स्वतःची तारभाषा बनवली होती. ‘आवक जास्त थांब’ म्हणजे आज गाडी आणू नकोस.

सप्टेंबरमध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, आणि दोन आठवड्यांच्या आत बंदी उठली. त्या दिवसांत दोन्ही खिसे कामाला आले, हे कबूल केलं पाहिजे. बातमी मला अँड्रॉइडवर ओपेरात आधी कळली, पण लिलाव कधी सुरू होणार हे दादाच्या मेसेजवरून, नोकियावर. कुठला फोन घेणं बरोबर होतं असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तास बघून सांगतो.

१९ ऑक्टोबर २०११ला हाँगकाँगमध्ये अँड्रॉइड ४.० जाहीर झालं. त्यात देवनागरी होती, जुळाऱ्यासकट. बातमी वाचून मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, तुमच्या फोनला ते मिळणार नाही. मिळालं नाही. सिंबियनची कथा तोवर संपत आली होती. ते सांभाळायचं काम नोकियाने अॅक्सेंचर या दुसऱ्या कंपनीकडे सोपवून टाकलं होतं. म्हणजे ज्याला मराठी येत होतं तो निघालेला, आणि जो राहणार होता त्याला माझ्या हातातल्या फोनपुरती मराठी येणार नव्हती. असं दीड वर्ष काढलं.

२०१३मध्ये पुन्हा दुकानात गेलो. या वेळी वही नेली नाही. अँड्रॉइड ४.१चा एक फोन काउंटरवर ठेवायला लावला आणि म्हटलं, पैसे देण्याआधी मराठी मेसेज येऊ दे. अडचण अशी की फोनला लहान सिम लागत होतं आणि माझं जुनं सिम मोठं. कापलं की नोकियात परत बसणार नाही, म्हणून आधी कापायला माझी तयारी नव्हती. शेवटी काउंटरवरच्या पोराने स्वतःचं सिम त्या फोनात घातलं. त्याचा नंबर मी दादाला कळवला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दादाची बटणं दाबण्याची गती मला माहीत होती. मग फोन वाजला आणि पोराने कपाळाला आठ्या घालून वाचलं: “निफाड किमान क्विंटल पिंपळगाव चिंच मिळाला. साहेब, काय मिळालं?”

“वेलांट्या बघ. जागच्या जागी आहेत?”

त्याने फोन माझ्याकडे फिरवला. मी प्रत्येक शब्दावरून बोट नेलं. मग जुन्या नोकियाचं झाकण काढलं, सिम बाहेर काढलं आणि त्याला दिलं. “काप.”