आजीचं पंचवीस बाय चाळीसचं वावर

नागपुरात तीन दिवसांपासून झड लागली आहे आणि मागच्या अंगणात मिरचीची रोपं वीतभर झालीत, म्हणजे आता लावायला पाहिजेत. दरवर्षी हे आजी सांगायची. आजी फेब्रुवारीत गेली. मृत्यूनोंदणीचा फॉर्म भरताना त्यात मृताचा व्यवसाय असा एक रकाना होता आणि दादाने त्यात 'गृहिणी' लिहिलं. त्याचं काही चुकलं असं नाही, त्या गडबडीत मीही तेच लिहिलं असतं, पण तो शब्द माझ्या डोक्यातून जातच नाहीये, पाच महिने झाले. म्हणून आज लिहायला बसले.

आधारकार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1937 आहे, तिच्या वयाच्या कितीतरी बायांची असते तशी, कारण खरी नोंद कोणी केलीच नव्हती. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. गांधीबाबा गेल्याची बातमी गावात आली तेव्हा मी गोवऱ्या थापून राहिली होती, दहा-अकराची असेन, असं ती सांगायची. ते गाव कुही तालुक्यातलं, आमनदीच्या काठचं. बापाची बारा एकर, त्यात नदीकडे धानाच्या बांध्या आणि वरच्या अंगाला मिरची, कपाशी, ज्वारी. शाळा दुसरीपर्यंत. मग भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी, आणि तो चालायला लागल्यावर ही सरळ वावरात.

धानाच्या रोवण्याबद्दल ती बोलायला लागली की हातातलं काम सोडून ऐकत राहावं असं बोलायची. पहाटे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, बांधीत फेकायच्या, आणि मग बायांची रांग वाकून मागं मागं सरकत रोवत जाणार. अंगावर पोत्याची खोळ, त्यातून पाणी गळतच असतं. दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटांमधे चिखल्या व्हायच्या, रात्री चुलीजवळ बसून त्यात कोमट तेल सोडायचं आणि सकाळी परत त्याच चिखलात पाय. रोप किती खोल लावायचं ते तिच्या बापाने तिला एकदाच दाखवलं होतं, अंगठ्याच्या पहिल्या पेरापर्यंत, त्याच्या खाली नाही, खोल गेलं तर फुटवे कमी येतात. ऐंशी वर्षांनंतरही ती मला अंगठा पुढे करून ते पेर दाखवायची. तो अंगठा मला अजून दिसतो, नखाच्या कडेला काळी भेग, जी कितीही घासलं तरी कधी गेली नाही.

तेरा-चौदा वर्षांची असताना तिला बियाणं धरायचं काम मिळालं, म्हणजे मिरचीतून पुढच्या वर्षीचं बी निवडायचं. हे काम बाप कोणालाही देत नव्हता, भावांनाही नाही. पहिल्या तोड्याची मिरची बियाण्याला घ्यायची नाही, शेवटच्या तोड्याची तर अजिबात नाही, मधल्या तोड्याची, आणि तीही ज्या झाडाची पानं एकदाही आकसली नाहीत अशाच झाडाची, झाडावरच लाल होऊ द्यायची. भिवापुरी मिरचीचा तो पट्टा, पण आता तिकडे बहुतेक हायब्रीडच लावतात, चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसायचा रोग, आला की सगळं वावर हातचं जातं आणि जुनं बी ठेवणारे फार थोडे उरलेत. आजीकडे ते बी होतं. अजून आहे.

1954 साली लग्न झालं आणि ती छोट्या लाईनीच्या गाडीने कुहीहून नागपुरात इतवारीला उतरली. (ती छोटी लाईन 2019 च्या नोव्हेंबरमधे बंद झाली, आता मोठी लाईन. शेवटच्या दिवसात मी तिला एकदा त्या गाडीने घेऊन जायचं म्हणत राहिले आणि राहूनच गेलं, ह्याची मला खरंच खंत आहे.) आबाजी एम्प्रेस मिलमधे होते, जमशेदजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती मिल, तीन पाळ्या, भोंग्यावर सगळं घर चालायचं. चाळीत एक खोली. नळाचं पाणी बघून तिला बरं वाटलं पण ती म्हणायची की पहिले दोन महिने मले झोपच नाही आली, कारण पाय दुखत नव्हते. दमल्याशिवाय झोप येते हे तिला माहितच नव्हतं.

मग 1968 च्या आसपास सक्करदऱ्याच्या पलीकडे प्लॉट घेतला. तेव्हा तिकडे घरं कमी आणि वावरंच जास्त. आबाजींना दोन खोल्यांचं घर आणि पुढेमागे भाड्याने द्यायला आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या, पण आजीने मागची जागा बांधू दिली नाही. पंचवीस बाय चाळीस. एक हजार चौरस फूट. त्या जागेत तिने काय नाही काढलं, वांगी, भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर), वालाच्या शेंगा, मेथी, पावसाळ्यात मिरची, कडेने हळद, कोपऱ्यात कढीलिंब, कुंपणावर दोडके आणि कारली. घरातलं धुण्याभांड्याचं पाणी नालीत न जाता वाफ्यात यायचं, तो पाट तिने स्वतः विटा लावून काढला होता आणि उतार इतका बरोबर होता की पुढे ड्रेनेज टाकायला आलेल्या मिस्त्रीने विचारलं की लेव्हल कोणी काढून दिली.

बुधवार बाजारात ती डालीत भाजी घेऊन बसायची. त्यातून माझ्या बाबांची आणि दोन्ही आत्यांची फी भरली गेली, हे बाबा स्वतः सांगतात. 1972 च्या दुष्काळात माहेरचं धान गेलं तेव्हा तिने इकडून ज्वारीचं पोतं पाठवलं होतं, भाजीच्या पैशातून घेतलेलं. नंतर मिलचे दिवस वाईट आले, पगार रखडायला लागले, तेव्हा ती कळमन्याला मिरचीच्या सातऱ्यावर जायला लागली. पन्नाशीची बाई. दिवसभर ढिगाऱ्यासमोर बसून मिरचीचे देठ खुडायचे, किलोवर मजुरी. हात पेटायचे. मी तेव्हा अगदी लहान पण मला आठवतं, संध्याकाळी आल्यावर ती ताकाच्या गंजात मनगटापर्यंत हात बुडवून बसायची आणि आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही, डोळ्याला हात लागंन म्हणून. तरी अंधार पडायच्या आधी एक चक्कर वाफ्यात व्हायचीच, कोणत्या झाडाला काय झालं ते बघायला. आबाजींची मिल गेली, आता तिथे मॉल आहे, आजीचं वावर चालू राहिलं.

सकाळी साडेचारला उठणार, हे शेवटपर्यंत. आम्ही सुट्टीत सातला उठलो तरी दारात येऊन, काहून वं पोरी, दिवस डोक्यावर आला अन् तू झोपूनच राहिली का. निंबोळ्या वेचून आणायला आम्हाला पाठवायची, मग त्या वाळवून कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबण घालून शिंपडायचं. कृषीवाले पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच, शंभर लिटरला पाच किलो. तिचं माप बादलीला पावशेर भुकटी असं होतं. पाच लिटरची बादली. मी कॉलेजमधे असताना कागदावर हिशेब करून बघितला, बरोबर पाच टक्के येतं.

रेशीमबाग मैदानावर अ‍ॅग्रोव्हिजनचं शेतीचं प्रदर्शन भरायचं तेव्हा ती चालत जायची, घरून पंधरा-वीस मिनिटं. एका वर्षी मी सोबत होते. ठिबकच्या स्टॉलवर ती पोराला प्रश्न विचारत होती, नळी वर्षभर उन्हात राहिली तर तडकते का, आमच्या पाण्याने भोकं बुजतात ती कशी साफ करायची, उतारावर खालच्या झाडाला जास्त पाणी जाईल त्याचं काय. पोरगा चांगला होता, मन लावून उत्तरं देत होता, त्याने वही उघडून विचारलं, आजी, शेती किती एकर? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, पंचवीस बाय चाळीस. त्याने वर बघितलं. मग त्याने ते तसंच लिहून घेतलं आणि तिला नळीचा तीन-चार हात तुकडा कापून दिला, लावून बघा म्हणाला. ती घरी येईपर्यंत तो तुकडा हातात धरून होती, पिशवीत टाकला नाही.

माहेरच्या बारा एकरांचं सांगायचं राहिलं. बाप गेल्यावर भावांनी तिला बोलावलं आणि तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. सही येत होती तिला, पण लिहिणाऱ्याने शाईचा डबाच पुढे केला. 1956 च्या कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीचाही वाटा होता, हे तिला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती म्हणायची की मी दिलंच असतं, भाऊ हाये माया. मला हे पटत नाही. बियाणं धरायला बापाने भावांना नाही, तिला निवडलं होतं. पुढे गोसेखुर्द धरण आलं, 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मग कितीतरी वर्षांनी पाणी अडलं, आणि ते गाव, बांध्या, वरची मिरचीची पट्टी, सगळं बुडितात गेलं. सातबाऱ्यावर नाव नव्हतं म्हणून मोबदल्याच्या कागदावरही नव्हतं. त्याचं ती कधी बोलली नाही. वडिलांच्या विहिरीबद्दल मात्र बोलायची.

आंभोऱ्याचा नवा पूल झाल्यावर आम्ही तिला गाडीने तिकडे नेलं. वैनगंगेवरचा तो उंच पूल, खाली जिकडे तिकडे पाणी, लोक फोटो काढत होते. आजी कठड्याला धरून उभी राहिली आणि आधी काहीच बोलली नाही. मग बोट दाखवून सांगायला लागली, तिकडून आम येते, तिच्या ह्या हाताले आपलं गाव, तिथून पळसाच्या रांगेने खाली उतरलं की बांध्या. पाण्यावर काहीच नव्हतं, नुसतं ऊन चमकत होतं, पण ती एक एक बांधी मोजत गेली, हिच्यात पाणी थांबायचं, हिच्यात नाही थांबायचं, ही मायच्या नावाने ओळखायचे. सात बांध्या मोजल्या. परत गाडीत बसल्यावर म्हणाली, माती लय चांगली होती वं, आता मासोळ्या खात असतीन.

जानेवारीत पडली तेव्हाही ती वाळलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) मोडत होती, एक हात कुंपणाला होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर पंधरा दिवस पडून होती आणि रोज मला मिरचीच्या झाडांचं विचारायची, लाल झाल्या का, कोणत्या झाडाच्या, पानं बघितली का. मी झाडांना लाल दोरे बांधले आणि फोनवर फोटो काढून तिला दाखवले. तीन झाडं तिने निवडली, एक नाकारलं, फोटोत मला काहीच दिसत नव्हतं, जाऊन बघितलं तर त्या झाडाच्या शेंड्याची दोन पानं खरंच वळलेली होती.

त्या तीन झाडांचं बी मी मे महिन्याच्या शेवटी टाकलं, राख लावून, तिच्याच डब्यातलं खुरपं घेऊन. आता रोपं तयार आहेत. संध्याकाळी पाऊस जरा उघडला की लावायची, दुपारी लावली तर माना टाकतात. एकूण बासष्ट रोपं आहेत, मोजली मी. वाफे काल करून ठेवलेत आणि दादाला साडेपाचला बोलावलंय, त्याला अंगठ्याचं पेर दाखवायचं आहे, म्हणजे मिरचीला किती आणि धानाला किती ते वेगळं असतं, मिरची थोडी जास्त खोल चालते.