भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी

आमच्या घरात माझ्या प्रत्येक खोडीला एकच कारण होतं, भूकंप. पोरगं वर्गात टिकत नाही, धसका घेतलाय. कुणाशी बोलत नाही आणि बोलायला लागलं की थांबत नाही, धसकाच. पुढं मी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम लागलो. एकाच्या मालाच्या हिशेबाची पट्टी दुसऱ्याच शेतकऱ्याच्या हातात दिली, तेव्हा शेठजीसुद्धा म्हणाले, "किल्लारीकडचा आहे, जाऊ द्या." ३० सप्टेंबर १९९३ ला मी सात वर्षांचा होतो. त्या पहाटेच्या नावावर एवढं काही लिहिलेलं होतं, की माझी किरकोळ रक्कमही त्याच खात्यात गेली. मीही कधी तपासून पाहिलं नाही.

ते खातं उलगडायला सहा वर्षं लागली आणि सुरुवात झाली डोळ्यापासून.

२०१७ ची गोष्ट. तुरीची आवक जोरात होती आणि माझा उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना. पण उजेड मला तसा कधीच सोसत नाही. दुकानात माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट मी कधीच काढून ठेवली होती. म्हणून आठ दिवस अंगावर काढले. डोळे आले असतील म्हणून मेडिकलवरून थेंब आणले. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मशिनीतून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सकाळी उठताना कंबर धरते का?"

मी डोळा दाखवायला आलो होतो! पण कंबर धरायची, आठ वर्षांपासून धरायची. पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची, अंगणात फेऱ्या मारल्या की उतरायचं. त्यापायी गादी बदलून झाली, पट्टा बांधून झाला. "बैठं काम आहे, आराम करा," हेही ऐकून झालं. आरामानं तर वाढायचं. आणि बैठं काम म्हणाल तर मी बसतच नव्हतो. बसलो की पाय वळवळतात. त्यामुळं पट्ट्या उभ्यानं लिहायच्या आणि दर थोड्या वेळानं उगाच काट्यापर्यंत जाऊन यायचं. हमाल म्हणायचे, "मुनीमजीच्या पायाला भिंगरी हाय." त्याच भिंगरीनं माझा कणा इतकी वर्षं मोकळा ठेवला आणि आजारही झाकला, असं पुढं संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं.

एचएलए-बी २७ ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. नुसत्या तिच्यावर ठरत नाही, ती पॉझिटिव्ह असणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज दिसली, तेव्हा नाव मिळालं: अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस. अंगातली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मणक्याच्या सांध्यांवर उलटते आणि सूज राहत गेली की मणके एकमेकांना चिकटू शकतात. विशी-तिशीत सुरू होतो, पडून राहिलं की वाढतो, हिंडलं की उतरतो. डोळा लाल होणं हे त्याचंच भावंड.

जेवणानंतर सुजेची गोळी, रोज व्यायाम, तीन महिन्यांनी तपासणी. एवढंच करायचं होतं. मला ते जमेना.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी माझी पिशवी टेबलावर उलटी केली आणि गोळ्या मोजल्या. "महिन्याच्या गोळ्या तीन महिने कशा पुरल्या?" मी गप्प. २०१५ साली तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली, तेव्हाचे रोजचे भाव मी त्यांना तोंडपाठ सांगितले असते. सकाळी गोळी घेतली का, हे मात्र सांगता येत नव्हतं. त्यांना वाटलं मन उदास असेल, म्हणून मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

तिथं झोपेची गोळी मिळाली. खूप झोपलो, बाकी काही फरक नाही. मध्ये करोना आला. त्याच सुमारास बहिणीच्या मुलाला, सहा वर्षांच्या, ऑटिझम असल्याचं निदान झालं. थेरपीवाल्या बाईंनी तिला कागद दिला होता, त्यात मुलांमध्ये काय काय दिसतं ते लिहिलेलं. बहिणीनं फोनवर तो वाचून दाखवला आणि मध्येच थांबली. "दादा, हे तुझंच वाचायलेय की मी." मी परत त्याच डॉक्टरांकडं गेलो. ते हसले. "नोकरी करता, लग्न झालंय, तुम्हाला कसला ऑटिझम?" मी फी दिली आणि बाहेर आलो. दोन वर्षं विषय काढला नाही. याचा राग मला अजून आहे.

२०२३ मध्ये संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांच्याकडं मानसतज्ज्ञ मॅडमही होत्या. तिथं कळलं, की एडीएचडी, म्हणजे जन्मापासूनचा चळवळेपणा आणि लक्ष न टिकणं, आणि ऑटिझम एकाच माणसात असू शकतात. अमेरिकेच्या डीएसएम या निदानसूचीत २०१३ च्या आवृत्तीपर्यंत दोन्ही एकत्र लिहायला परवानगीच नव्हती. मला एकाच वेळी ठरलेल्या जागेवरचं पेनही लागतं आणि ते पेन मी रोज हरवतोही, तर ह्यात कोडं नव्हतं म्हणायचं.

पण अडलं ते भूकंपावरच. एडीएचडी म्हणायचं तर खुणा बाराव्या वर्षाच्या आधीपासूनच्या हव्यात, ऑटिझम तर त्याहून लहानपणापासूनचा. आणि मोठ्या आघातानंतरही मूल तसंच वागू शकतं. आवाजाला दचकतं, एका जागी ठरत नाही, माणसं टाळतं. डॉक्टर म्हणाले, "भूकंपामुळं नाही, असं मी धरून चालणार नाही. सात वर्षांच्या आधीचं काही कागदावर आहे?" शाळाच ढिगाऱ्याखाली गेली, कागद कुठला. "मग सांगणारं कुणी?"

माय होती. तिला घेऊन एसटीनं गेलो. निम्मा रस्ता मी कंबरेपायी उभ्यानं काढला आणि ती कंडक्टरला सांगत राहिली, "बसतच न्हाई ओ ह्यो."

केबिनमध्ये मात्र मायनं पवित्रा बदलला. लहानपणी एका जागी बसायचा का? "बसायचा की." हट्ट? "न्हाई, गुणाचा व्हता." इतर पोरांत खेळायचा? "खेळायचा. शाना व्हता." तासभर मी गुणाचा आणि शहाणाच. माझं डोकं दुखायला लागलं. मायला वाटत होतं, पोराची बदनामी लिहून घ्यायलेत.

मग मॅडमनी कागद बाजूला सारला, चहा मागवला आणि माझा विषयच सोडला. "मावशी, तुमच्या जुन्या गावात गणपती कसा बसवायचे?"

माय खुलली. मारुतीच्या पारावर बसायचा, लेझीम असायची, हलगी असायची. बोलता बोलता म्हणाली, "ह्याला हलगी सोसत नव्हती बगा. वाजली की धान्याच्या बळदात जाऊन बसायचा. इसर्जनादिवशी तर कान धरून लई रडलालता. मग ह्याच्या बापानं उचलला आन् रानातल्या आखाड्यावर नेला. तिथं तरी निजल म्हनले. म्हणून तर दोघं सापडले न्हाईत. माळवद आमच्यावर पडलं."

अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. विसर्जन झालं, गाव झोपलं आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. मायला दुपारी काढलं. आजी गेली. बाप आणि मी शेतात होतो, एवढं मला माहीत होतं. रानात काम असेल म्हणून गेलो असू, असं मी धरून चाललो होतो. आजीचा विषय नको म्हणून घरात ती रात्र कुणी उघडत नसे.

मॅडमनी हळूच विचारलं, "म्हणजे हे भूकंपाच्या आधीचंच ना, मावशी?"

"आदीचंच की. दोन वर्साचा आसल्यापासनं."

मग धरण फुटावं तशी बोलली. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मी उलटी करायचो. सांडलेली ज्वारी दाणा दाणा ओळीत लावायचो आणि कुणी ओळ मोडली की भिंतीवर डोकं आपटायचो. जेवायला तीच जर्मनची ताटली, दुसरी दिली तर उपास. पहिलीत मी सारखा पळायचो म्हणून गुरुजी मला टॉवेलानं टेबलाच्या पायाला बांधायचे. मी टेबल ओढत दारापर्यंत जायचो. इथं मॅडम हसल्या आणि माय पण हसली.

आणखी दोन बैठका झाल्या. अहवालात दोन्ही नावं आली, ऑटिझम आणि एडीएचडी. त्याखाली एक ओळ, की लक्षणं १९९३ च्या आधीपासूनची.

औषधाचं काम निराळंच निघालं. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांत विकायचं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते विकायचा परवाना सगळ्यांकडं नसतो. चार दुकानं फिरलो तेव्हा पाचव्यात मिळालं. विसरभोळ्या माणसाला ही यातायात कुणी नेमून दिली कोण जाणे. त्यात ह्या गोळीनं भूक मरते आणि कंबरेची गोळी तर भरल्या पोटीच घ्यायची. आता सकाळी उठल्या उठल्या भाकरी खातो, मग कंबरेची, मग डोक्याची. दोन्हींनी रक्तदाब चढू शकतो म्हणून दोन्ही डॉक्टर तो मोजतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचं काम माझं.

गोळ्या विसरत नाही तो मोबाइलच्या घंटीमुळं नव्हे. घंटी बंद करतो आणि विसरतो. बायकोनं युक्ती काढली: गोळ्यांचा रोजमेळ. आवक, खर्च, शिल्लक. रात्री स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजायच्या आणि वहीशी मेळ घालायचा. एका गोळीचा फरक पडला तर मला झोपच लागत नाही, पहिल्यापासूनचा स्वभाव आहे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी पिशवी उलटी करायच्या आत मी वही पुढं केली.

दिव्यांगाच्या प्रमाणपत्राचं अजून केलेलं नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही. करीन. फॉर्म तीनदा उघडून ठेवलाय.

यंदा गणपतीच्या आधी मायनं विचारलं, "ह्या गोळीनं हलगी सोसंल का रं आता?"

"न्हाई माय. त्याची गोळी नसते."

"मग इसर्जनाला आखाड्यावर जात जा."

गेलो. आखाड्यावर आता पत्र्याची खोली आहे. आत बाजेवर माझी कडक गादी अंथरलेली होती, घरून कुणाकरवी तरी तिनं आधीच पाठवून दिलेली.